खिडकी बंद केली म्हणजे प्रश्न मिटला काय?

रजेचा अर्ज, प्रवासभत्त्याचे बिल, साहित्याची मागणी, कचेरीतले सगळे आता अ‍ॅपवर आले आहे. आणि असे अ‍ॅप बनवायला मोठा प्रोग्रामर लागत नाही. मायक्रोसॉफ्टचे पॉवर अ‍ॅप्स २०१६ पासून बाजारात आहे, अ‍ॅपशीट गुगलने २०२० साली विकत घेतले. एक्सेल बऱ्यापैकी जाणणारा एखादा कारकून चार दिवसांत अ‍ॅप उभे करतो आणि सगळ्या खात्याला वाटून देतो. चार लोकांच्या हातातली विद्या चाळीस जणांच्या हाती गेली, याचा आम्हाला आनंदच आहे.

पण पॉवर अ‍ॅप्सवरचे असे अ‍ॅप पहिल्यांदा उघडले की समोर एक खिडकी येते. या अ‍ॅपला तुमच्या खात्यातून आउटलुक, शेअरपॉइंट, ऑफिस ३६५ युजर्स वापरायचे आहे, परवानगी देता काय? कर्मचारी न वाचताच 'होय' दाबतो. सावकाराच्या कागदावर आपले आजे अंगठा उठवीत, त्यांना निदान वाचता येत नव्हते. आपण तर पदवीधर!

खिडकीमुळे लोक गोंधळतात, फोन करतात. मग वरिष्ठ सांगतात, ती बंदच करून टाका. प्रशासकाला ते जमते. पॉवरशेलमधल्या एका आज्ञेने मायक्रोसॉफ्टच्या जोडण्यांपुरता तो प्रश्न अ‍ॅपमधून काढून टाकता येतो. परंतु येथे नीट समजून घेतले पाहिजे. प्रश्न गेला, अधिकार मात्र गेला नाही. आउटलुकची जोडणी असलेले अ‍ॅप कर्मचाऱ्याच्याच नावाने, त्याच्याच खात्यातून मेल पाठवू शकते. पूर्वी ते त्याला विचारून होत असे, आता न विचारता होईल.

खरे काम वेगळे आहे, ते म्हणजे मागणीच कमी करणे. नुसते नाव आणि फोटो दाखवायला आउटलुकची जोडणी कशाला हवी? रजा मंजूर झाल्याचा मेल कर्मचाऱ्याच्या खात्यातून जाण्याची गरज नाही. पॉवर ऑटोमेटमध्ये तेवढे काम कचेरीच्या एका सामाईक खात्यावर सोपवता येते. मात्र त्यातही मेख आहे. एका खात्याचा अधिकार शंभर जणांच्या हाती जातो, म्हणून त्या खात्याला लागेल तेवढाच अधिकार द्यावा.

याहून मोठा धोका खिडकीत लिहिलेलाच नसतो. अ‍ॅपची माहिती शेअरपॉइंटच्या यादीत असेल, तर ती वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या यादीचा अधिकार द्यावा लागतो. अ‍ॅपच्या पडद्यावर रकाना लपवला तरी माणूस सरळ यादी उघडून वाचू शकतो. समजा त्या यादीत जातवैधता प्रमाणपत्राचा क्रमांक आहे, आजारपणाचे कारण आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ते का दिसावे? कुजबूज कशी सुरू होते, बढतीच्या वेळी ती कुठवर पोचते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच नोंदी दिसाव्यात, अशी सोय यादीच्या सेटिंगमध्ये आहे. ती लावायला पाच मिनिटे पुरतात.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले, आणि संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय ठेवली. नोकरीच्या कामासाठी संमतीची गरज नाही, असे मालक म्हणेल, आणि कायद्यात तशी वाटही आहे. पण संमती लागत नसली तरी माहिती देण्यास त्याला कोणी अडवलेले नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्या आपल्या मुलांनी पहिल्या पडद्यावर चार ओळी मराठीत लिहाव्यात. हे अ‍ॅप कोणती जोडणी वापरते, तिच्याकडून काय करून घेते, तुमची नोंद कोण पाहू शकतो, अडचण आली तर कोणाला विचारायचे. आणि कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाकडे लेखी मागावे की प्रमाणपत्रांची यादी आज कोणाकोणाला उघडते, त्या नावांची प्रत द्या.