पुण्याच्या टेकड्या: राखीव, पण कुणाच्या भरवशावर?

पुण्याच्या जुन्या हद्दीतली सर्वांत उंच जागा म्हणजे वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. गोखलेनगर, पाषाण, कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता, कुठूनही वर यायला पायवाट आहे आणि उजाडायच्या आत त्या वाटांवर माणसांची ये-जा सुरू होते. वर वेताळाचं देऊळ, जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी, वन खात्यानं लावलेली गिरीपुष्पाची दाट झाडी, मोर. दक्षिणेला पर्वती आणि तळजई, त्यांच्या मागे कात्रजची रांग. शहरानं कुठवर वाढायचं, हा पुण्याचा सर्वांत जुना आणि चिवट वाद याच उतारांवर लढला जातो.

1987 च्या विकास आराखड्यानं जुन्या हद्दीतल्या टेकड्यांचे माथे आणि उतार बांधकामापासून दूर ठेवले. पाचास एक, म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटर चढ, यापेक्षा तीव्र उतारावर घरं नकोत, असा हिशोब. मग 1997 मध्ये भोवतालची गावं महापालिकेत आली. त्यातली काही पुढं वगळली गेली आणि 23 राहिली. बावधन, वारजे, धायरी, आंबेगाव, धनकवडी, कात्रज अशा या गावांच्या आराखड्यात टेकड्यांचं सुमारे 978 हेक्टर क्षेत्र ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून आरक्षित करायचं ठरलं. पुणेकर त्याला नुसतं ‘बीडीपी’ म्हणतात. महापालिकेच्या मुख्य सभेनं 2005 मध्ये त्याला मान्यता दिली, पण राज्य सरकारची अंतिम मोहोर उमटायला 2015 उजाडलं.

ही दहा वर्षं फार महागात पडली. आरक्षण राहणार की उठणार, हेच कुणाला कळत नव्हतं आणि त्या संभ्रमात उतार गुंठ्यागुंठ्यानं विकले गेले. व्यवहार नोटरीच्या कागदावर. सातबाऱ्यावर नाव नाही, बांधकामाला परवानगी नाही. आधी पोकलेन लावून मुरूम काढायचा, मग पत्र्याची शेड, मग दोन खोल्या, मग वीज. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी ‘टेकडीफोड’ हा शब्द रुळवला, तो याच अनुभवातून. त्या दोन खोल्या घेणारा माणूस लबाड असतोच असं नाही. शहरात परवडेल असं घर न मिळाल्यानं तो उतारावर गेलेला असतो. त्याला जमीन विकून पुढं निघून गेलेला मात्र सहसा कुणाला सापडत नाही.

टेकडी सांभाळायची ती केवळ मोकळ्या हवेसाठी नाही. हा दख्खनचा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून पावसाचं पाणी मुरतं आणि पायथ्याच्या विहिरी, बोअरवेलपर्यंत पोचतं. उतार कापून त्यावर काँक्रीट ओतलं की तेच पाणी थेट ओढ्यात उतरतं. जून 2013 मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीत फोडलेल्या टेकडीवरून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा फुगला आणि टांगेवाला कॉलनीसारख्या वस्त्यांत शिरला. त्या पुरामागं तुफान पाऊस होता, ओढ्यावरची अतिक्रमणंही होती. पण पाणी वरून येतं. वर काय चाललंय हे न बघता खाली भिंती बांधत राहणं, याला नियोजन म्हणता येणार नाही.

जमीनमालकांची तक्रार मात्र खरी आहे. बीडीपीत जमीन देणाऱ्याला मोबदला म्हणून क्षेत्रफळाच्या फक्त 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला. बागेच्या किंवा शाळेच्या आरक्षणात जमीन गेली तर त्याच्या कितीतरी पट मिळतो. आजोबांपासून चालत आलेली जमीन शहराच्या हवा-पाण्यासाठी सोडणाऱ्यावरच सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे, आणि या तुटपुंज्या मोबदल्यामुळे बहुतेक क्षेत्र महापालिकेच्या ताब्यात आलेलंच नाही. नकाशात हिरवा रंग आहे, जागेवर मालकी खाजगी आहे.

मोबदल्याचा हा प्रश्न सोडवता येतो. अमेरिकेतल्या बोल्डर शहरानं भोवतालचे डोंगर राखायचं ठरवलं, तेव्हा 1967 मध्ये तिथल्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला आणि त्या पैशातून जमिनी विकत घेतल्या. पुढं तिथं घरं भयंकर महागली, हेही खरं. तेव्हा टेकडी राखायची तर सपाटीवर परवडणारी घरं उभारावी लागतील, हे पुण्यानं आताच मान्य करायला हवं.

बालभारती ते पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता आणि वेताळ टेकडीखालचे प्रस्तावित बोगदे यांना विरोध करत 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. टेकडीवर प्रेम करणारी माणसं या शहरात भरपूर आहेत. त्यांनी आता रस्त्यावरच्या आंदोलनाइतकाच जोर महापालिकेच्या अंदाजपत्रकावर लावावा. दरवर्षी बीडीपी संपादनासाठी ठरावीक रक्कम, टीडीआरचा वाढीव दर आणि सुरुवात धायरी-आंबेगावसारख्या ठिकाणांपासून, जिथं घरं उतारावर चढत चालली आहेत.