दारू बदलली, रायफल अडली

रायफलच्या काडतुसातील दारू नळीत जळत जाते, आणि तिच्या जळण्याचा वेग दाण्यांच्या घाटावर व त्यांवरील लेपावर ठरतो. स्वतः काडतुसे भरणारा नेमबाज बहुधा गोळीचा वेग व कमाल दाब एवढेच पाहतो. ते पुरेसे नसते.

अमेरिकेच्या सैन्याने १९६४ साली एम-१६ रायफलीच्या काडतुसांत नळीदार दाण्यांच्या दारूऐवजी गोल दाण्यांची दारू घेतली. गोळीचा वेग तोच, कमाल दाबही मर्यादेत. परंतु या रायफलीत नळीच्या पुढल्या छिद्रातून वायू मागे येतो आणि बोल्ट उघडतो. त्या छिद्रापाशी दाब वाढला. बोल्ट अधिक जोराने, वेळेआधी मागे येऊ लागला. दारूत मिसळलेल्या चुन्याचा साकाही साठू लागला. व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रिकाम्या पुंगळ्या कोठडीत अडकल्या, आणि त्यापायी शिपाई प्राणांस मुकले. कोठडीला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईची साधने अपुरी होती, हेही खरेच. तरी १९६७ साली प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने दारूच्या बदलावर स्पष्ट ठपका ठेवला. नंतर मुलामा आला आणि दारूतील चुना घटविण्यात आला. दारू मात्र गोल दाण्यांचीच राहिली. रायफल तिच्याजोगी करून घ्यावी लागली.