गोंगाटातून पोहोचणारा अर्थ : भाषेतील अतिरिक्तता आणि दूरचित्रवाणीचे अंकीय प्रक्षेपण

‘ती मुलगी उशिरा आली’ या वाक्यात स्त्रीलिंग तीनदा सांगितले आहे : ‘ती’मध्ये, ‘मुलगी’मध्ये आणि ‘आली’मध्ये. केवळ माहितीचा हिशेब मांडला तर यांपैकी दोन खुणा अनावश्यक ठरतात. परंतु हेच वाक्य मुरूमच्या एसटी स्थानकावर, गाड्यांच्या घरघरीत ऐकून पाहा. ‘ती’ ऐकू आले नाही तरी ‘आली’वरून ते भरून काढता येते. भाषेच्या या गुणाला अतिरिक्तता म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडताना इंग्रजीतील अतिरिक्तता सुमारे ५० टक्के असल्याचा अंदाज दिला होता. प्रस्तुत घटकात हीच संकल्पना आपण दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात पाहणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण असे की, अतिरिक्ततेसाठी काय किंमत मोजावी लागते हे तेथे आकड्यांत दिसते.

अंकीय प्रक्षेपणात चित्र व ध्वनी यांचे रूपांतर शून्य आणि एक या अंकांच्या, म्हणजे बिटांच्या, मालिकेत होते. ही मालिका वाहक तरंगावर चढवण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. तरंगाची उंची आणि आवर्तनातील त्याचा टप्पा यांच्या काही जोड्या आधी ठरवून घेतलेल्या असतात. अशी प्रत्येक जोडी हे एक चिन्ह होय. क्यूपीएसके या पद्धतीत चारच चिन्हे असतात, म्हणून एका चिन्हात २ बिट मावतात. १६-क्वाममध्ये ४ बिट मावतात, तर ६४-क्वाममध्ये ६. मात्र प्रक्षेपकाची शक्ती तेवढीच ठेवून चिन्हे वाढवली, की ती एकमेकांच्या जवळ सरकतात आणि थोड्याशा गोंगाटानेही एकाच्या जागी दुसरे वाचले जाते.

स्वनिमांचेही असेच आहे. मराठीने ल-ळ आणि न-ण हे भेद राखले, म्हणून ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ हे वेगळे शब्द आपल्याला मिळाले. ही भाषेची श्रीमंतीच. पण आवाज अस्पष्ट झाला, की असे जवळचे भेद लवकर पुसले जातात. म्हणूनच फोनवर आडनाव सांगताना आपण ‘ळ बाळातला’ अशी पुस्ती जोडतो.

आता किंमत पाहू. डीव्हीबी-टी या भूप्रक्षेपण मानकात ८ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीपट्ट्यात, प्रत्येक उपयुक्त बिटामागे एक रक्षक बिट जोडला आणि पडसाद विरण्यासाठी राखलेला काळ सर्वांत मोठा ठेवला, तर क्यूपीएसकेने सेकंदाला ४.९८ मेगाबिट पोहोचतात, १६-क्वामने ९.९५ आणि ६४-क्वामने १४.९३. म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत वेग तिप्पट होतो. पण आदर्श परिस्थितीतही क्यूपीएसकेला संकेताची शक्ती गोंगाटाच्या साधारण दुप्पट असली तरी पुरते (३.१ डेसिबेल), ६४-क्वामला ती सुमारे सत्तावीसपट लागते (१४.४ डेसिबेल). तिप्पट वेगासाठी तेरापटीहून अधिक शक्ती! हा सौदा महाग आहे, आणि मनोऱ्याची शक्ती वाढवली नाही, तर त्याचा भुर्दंड मनोऱ्यापासून दूरच्या घराला बसतो.

जुन्या अनुरूप प्रक्षेपणात दूरच्या घरी पडद्यावर मुंग्या येत, तरी बातम्या ऐकू येत. अंकीय प्रक्षेपणात मधली अवस्था जवळजवळ उरत नाही. उंबरठ्याच्या वर चित्र स्वच्छ दिसते. त्याच्या किंचित खाली आले की चौकटी फुटतात आणि पडदा काळा होतो. २० जुलै २०२० पासून, शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. अशा वेळी मॉड्युलेशनची निवड ही केवळ अभियंत्यांची बाब राहत नाही. धडा कोणत्या मुलापर्यंत पोहोचणार हे तिच्यावरही अवलंबून असते.

दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत डीव्हीबी-टी२ हे पुढच्या पिढीचे भूप्रक्षेपण सुरू केले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरे होती. मुरूम औरंगाबादपासून सरळ रेषेतही सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तेथील मनोऱ्याचा संकेत इकडे पोहोचणे शक्य नव्हते. इथल्या छपरांवरील आग्नेयेकडे तोंड केलेल्या तबकड्या मात्र तुम्ही पाहिल्या असतील. दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, ती डीव्हीबी-एस मानकावर आणि क्यूपीएसके पद्धतीनेच. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे शक्ती बेताची, त्यात जुलैचा पाऊस संकेत आणखी क्षीण करणारा; तेथे चारच, पण ठळक चिन्हे वापरणे शहाणपणाचे होते. शिवाय या मानकात प्रत्येक १८८ बाइटांमागे १६ रक्षक बाइट जोडलेले असतात, त्यांमुळे ८ बाइटांपर्यंतच्या चुका ग्राहकयंत्र स्वतःच दुरुस्त करते. ‘ती’ हरवल्यावर ‘आली’ने जे केले, तेच हे. याउलट केबलची तार बाहेरच्या गोंगाटापासून बरीच सुरक्षित असते. तिच्यातून ६४-क्वाम वा २५६-क्वामही सुखाने धावते.

डीव्हीबी-टी२ मध्ये चूकदुरुस्तीचे अधिक कार्यक्षम संकेतन आले. त्याहून महत्त्वाची सोय मला अशी वाटते की, एकाच वाहिनीपट्ट्यात निरनिराळ्या सेवांना निरनिराळे मॉड्युलेशन देता येते. चित्रपट ६४-क्वामवर आणि शालेय धडा क्यूपीएसकेवर, अशी वाटणी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ती करायची की नाही, हे प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेने ठरवायचे असते.

स्वाध्याय : आपल्या गावच्या आठवडी बाजारात ऐकलेली दहा वाक्ये जशीच्या तशी लिहून काढा. प्रत्येकातील एक शब्द खोडून ते वाक्य दुसऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. कोणता शब्द ओळखता आला, कोणता आला नाही, आणि ओळखण्यास लिंग, वचन वा विभक्ती यांपैकी कशाची मदत झाली, याची नोंद करा.