रक्तातला आकडा काय सांगतो, काय नाही

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? तर कॅन्सरचं पॅकेज करायला! कुणीतरी सांगितलं, एका रक्ततपासणीत पोटाचा कॅन्सर कळतो. ताईला दोन महिने शौचातून रक्त जातंय. मूळव्याध असेल म्हणून गप्प होती.

या तपासणीला ट्यूमर मार्कर म्हणतात. मोठ्या आतड्यासाठी सीईए, स्वादुपिंड आणि पित्तनळीसाठी सीए १९-९, यकृतासाठी एएफपी. गाठ असली की हे पदार्थ रक्तात वाढतात. पण प्रत्येक गाठीत वाढतातच असं नाही, आणि कॅन्सर नसतानाही वाढतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा सीईए जास्त येऊ शकतो. पित्त अडून कावीळ झाली की सीए १९-९ चढतो, आणि काही जणांच्या शरीरात तो मुळात तयारच होत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी निर्धास्त राहू नका. रक्त जात असेल तर दुर्बिणीने आतडं बघायला हवं. गाठ दिसली तर तिचा तुकडा तपासूनच कॅन्सर आहे की नाही ते ठरतं.

मग ही तपासणी कशाला? तिचं खरं काम निदानानंतर सुरू होतं. समजा, आतड्याच्या ऑपरेशनआधी सीईए ४० आला. गाठ पूर्ण निघाली तर महिना-दीड महिन्यात तो साधारण ५ च्या आत यायला हवा. नाही आला तर आजार कुठे उरलाय का, हे डॉक्टर स्कॅन करून शोधतात. आला तरी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षं होईपर्यंत सहा महिन्यांनी रक्त द्यायचं. कारण कॅन्सर परतला तर कधीकधी त्रास जाणवायच्या आधीच आकडा चढू लागतो. यकृतावरची गाठ अशी लवकर सापडली तर काही जणांची काढता येते. एकदा वाढला म्हणून घाबरू नका, डॉक्टर पुन्हा करून बघतात. केमो लागू पडतेय का, याचाही अंदाज यावरून येतो.

आपलं चुकतं ते इथे. बरं वाटलं की लावणी आली, गणपती आले, तारीख राहिली! शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि पहिल्यापासूनचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. जुना आकडा नसेल तर नवा कशाशी ताडायचा?

आपल्या जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड न्या आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा.

ताईला कर्ज मंजूर झालं, पण पॅकेजला नाही, दुर्बिणीच्या तपासणीला. सोबत गटाची सचिव जाणार आहे.