वाण तोच, गोसावी मात्र हटला

संकरित बाजरीच्या शेतातले प्रत्येक ताट आनुवंशिकदृष्ट्या जवळपास सारखे असते. त्यामुळे पीक एकाच वेळी काढणीला येते. पण रोगाला वाणाची कमजोरी सापडली की सगळे शिवार एकदम बळी पडते. १९६५ मध्ये प्रसारित झालेल्या एचबी-१ या देशातल्या पहिल्या संकरित बाजरीचे पुढच्या दशकात हेच झाले. गोसावी, म्हणजे केवडा रोगाने कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुपके उगवले.

हिस्सारच्या हरियाणा कृषी विद्यापीठाचा १९९० चा एचएचबी ६७ हा वाण ६५ दिवसांच्या आत तयार होई. हरियाणा-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. कालांतराने त्यालाही गोसावी लागू लागला. इतका उपयोगी वाण मोडीत काढणे परवडणारे नव्हते. त्याचा लवकरपणा राखून फक्त दुबळी बाजू सुधारायची होती.

यासाठी जुनी रीत पुनःसंकरणाची. रोगप्रतिकारक वाणाशी संकर करून संतती पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी जोडतात. दर फेरीत परक्या वाणाचा वाटा सरासरीने निम्मा होतो: ५० टक्के, २५, मग साडेबारा. खरी अडचण निवडीची. प्रतिकारशक्ती उतरली की नाही, हे कळायला रोपांवर मुद्दाम रोग सोडावा लागतो.

ही अडचण डीएनए मार्करने सुटते. मार्कर म्हणजे गुणसूत्रावरची ओळखता येणारी खूण. हव्या जनुकाला खेटून असल्याने ती बहुधा त्याच्याबरोबरच पुढच्या पिढीत जाते. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासला की निवड होते. खूण जनुकापासून लांब असेल तर दोघांची ताटातूट होऊन फसगत होते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर पाहणे शहाणपणाचे.

एचएचबी ६७ हाही नर आणि मादी अशा दोन वाणांचा संकर. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत त्याच्या नर वाणात आयसीएमपी ४५१ या रोगप्रतिकारक बाजरीमधले प्रतिकारक भाग मार्करच्या साहाय्याने आणले गेले. मादी वाण मात्र जुन्याच पुनःसंकरणाने सुधारला. त्यांच्या संकरातून आलेला ‘एचएचबी ६७ इम्प्रूव्हड’ २००५ मध्ये प्रसारित झाला. तो जीएम, म्हणजे जनुकीय फेरबदल केलेला वाण नव्हे. त्यातली प्रतिकारक जनुके बाजरीचीच आहेत, हे ठामपणे सांगायला हवे.

गोसावीचा रोगजंतूही बदलत राहतो आणि एकाच जनुकावर विसंबलेला प्रतिकार भेदू शकतो. म्हणून दोन-तीन प्रतिकारक जनुके एकाच वाणात आणावी लागतात. त्यांतले एक आले काय किंवा तिन्ही आली काय, रोप निरोगीच दिसते; फरक दाखवतो तो मार्करच.