खाडीची वाट, साध्या फोनवर

फोनवरच्या नकाशात धरमतरची खाडी उघडून बघा. रेवसपासून एक निळी पट्टी वळणं घेत नागोठण्याकडे जाते आणि तिचा निळा रंग सगळीकडे सारखाच असतो. पूर्ण ओहोटीला या निळ्यातला बराच भाग उघडा चिखल असतो, हे त्या नकाशाला माहीत नसतं. खोल पाणी कुठल्या काठाने वाहतं, डोल जाळ्यांचे खुंट कुठे रोवलेत, रेवसच्या धक्क्याला लाँच कधी सहज लागते आणि कधी गाळामुळे अडते, यातलं काहीच तिथे नाही. गल्लीबोळातली वाहतूक कोंडी दाखवणारा फोन धक्क्याच्या पायरीवर आला की त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही.

खरं तर कागदोपत्री या खाड्या आता मोठ्या वाटा आहेत. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग जाहीर केले, त्यांत रायगडच्या किनाऱ्याचे चार आले. अंबा नदी हा जलमार्ग क्रमांक १०, राजपुरीची खाडी ८३, रेवदंडा खाडी आणि कुंडलिका मिळून ८५, तर बाणकोट खाडीची सावित्री ८९. अंबेवर धरमतरला पोलाद कारखान्याचा माल वाहणाऱ्या बार्ज चालतात. आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेसवी या फेरीबोटी गाड्यांसकट माणसं पलीकडे नेतात. राजपुरीहून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. बार्जच्या कप्तानाकडे नकाशे आणि यंत्रं असतात. छोटी होडी घेऊन निघालेला कोळी, पर्यटकांना फिरवणारा तरुण, सुट्टीत कयाक घेऊन आलेली मंडळी यांच्याकडे मात्र फोनच असतो. म्हणून खाडीचं मोफत मार्गदर्शक ॲप हवं. ते कसं बनावं आणि कुठल्या फोनवर चालावं, याचा विचार नीट करायला हवा, कारण चुकीचं ॲप नसलेल्या ॲपपेक्षा घातक असतं.

खाडीच्या मार्गदर्शकाचा गाभा म्हणजे भरतीओहोटी. कोकणात याचं गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिथीमागे पाऊण तास धरणारा हा हिशेब त्यामुळेच किनाऱ्यावर लागू पडतो. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला थोडंच हलतं. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी मुंबई महापालिका जाहीर करते, ती याच उधाणांची.

अचूक अंदाजाला मात्र चंद्र-सूर्याच्या अनेक लयी एकत्र मोजाव्या लागतात. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८पासून पाण्याच्या पातळीची नोंद आहे. त्याच सुमारास एडवर्ड रॉबर्ट्स यांनी इंडिया ऑफिससाठी हिंदुस्थानातल्या बंदरांच्या भरतीचं भाकीत करणारं चाकं-कप्प्यांचं पितळी यंत्र लंडनमध्ये उभं केलं. आज तेच गणित कुठलाही स्वस्त फोन क्षणात करतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. एखाद्या जागेचे भरतीचे स्थिरांक ॲपमध्ये एकदा भरले की वर्षभराच्या वेळा फोनमध्येच तयार होतात. ॲप करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी लक्षात घ्यावं. खाडीतली सगळ्यात मोलाची माहिती नेटवर्कवर अवलंबून नाही, ती अवलंबून ठेवली तर तो करणाऱ्याचा दोष.

अपोलो बंदरची वेळ मात्र धरमतरला जशीच्या तशी लागू होत नाही. भरतीला आत चढायला वेळ लागतो, आणि उथळ खाडीत ओहोटी भरतीपेक्षा जास्त वेळ चालते. पाणी एकसारख्या वेगानेही उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एक बारांश, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा दर्यावर्दींचा ठोकताळा आहे. चार मीटरच्या चढउतारात मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी निघून जातं. ‘ओहोटी लागलीय, अजून वेळ आहे’ म्हणणारी होडी नेमकी या दोन तासांत चिखलावर बसते.

दुसरा गाभा खोलीचा. नाविक नकाशावरचा आकडा म्हणजे या क्षणाची खोली नव्हे. तो जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेला असतो. नकाशात ०.६ मीटर लिहिलं असेल आणि त्या वेळी भरतीची उंची २.४ मीटर असेल, तर होडीखाली तीन मीटर पाणी. ज्या आकड्याखाली रेघ असते ती जागा ओहोटीला उघडी पडते. ही बेरीज ॲपने स्वतः करून, तुमच्या होडीला किती पाणी लागतं ते विचारून, सरळ सांगावं: आता जा, किंवा सव्वा तास थांबा.

पण हे आकडे आणायचे कुठून? देशाचे अधिकृत नाविक नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. ते कुणीही उचलून मोफत ॲपमध्ये घालू शकत नाही, हक्क आड येतात. आणि जुना कागदी नकाशा नुसता स्कॅन करून जीपीएसवर बसवला तर धोका वेगळाच, कारण त्याची अक्षांश-रेखांशांची मांडणी आजच्या उपग्रहांच्या मांडणीशी जुळेलच असं नाही. पडद्यावर होडी मधल्या प्रवाहात दिसते आणि खरी होडी खडकाकडे सरकत असते. ओपनस्ट्रीटमॅप आणि २००९पासून चालू असलेला ओपनसीमॅप हे खुले नकाशे आहेत, श्रेय देऊन वापरता येतात. पण खाडीतली वाळूची दांडी दर पावसाळ्यात जागा बदलते, आणि त्या बदलाची पहिली खबर तिथल्या होड्या चालवणाऱ्या तांडेलांना असते. त्यांनी दाखवलेल्या जागा तारखेसकट नोंदवायची सोय नसेल, तर ॲप कितीही देखणं असो, ते गेल्या वर्षीच्या खाडीचं राहतं.

कुंडलिकेचा प्रश्न याहून वेगळा. कोलाडच्या वर जिथे राफ्टिंग चालतं, तिथलं पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटतं. टाटांचं हे केंद्र १९२७चं, मुळशीच्या धरणावर चालणारं. रोह्याच्या खाली रेवदंड्यापर्यंत तीच नदी भरतीच्या तालावर चालते. एकाच नदीला दोन घड्याळं आहेत. वरचं गणित फोनला स्वतः करता येत नाही, ते केंद्राकडूनच कळायला हवं. म्हणून वरच्या टप्प्यासाठी ॲपने अंदाज दाखवूच नये, फक्त पक्की खबर दाखवावी, आणि खबर नसेल तर तसं स्पष्ट लिहावं.

आता फोनांचा मुद्दा. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने क्वालकॉमच्या मदतीने मच्छीमारांसाठी ‘फिशर फ्रेंड’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो टाटा टेलिसर्व्हिसेसच्या सीडीएमए फोनवर चालत असे. पुढे ते फोनच गेले, सीडीएमएचं जाळंही देशातून उठलं. उपक्रम टिकला तो अँड्रॉइडवर नव्याने उभा राहिला म्हणून. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने २०१९मध्ये ‘जेमिनी’ हे छोटं यंत्र आणलं, कारण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलचं जाळं संपतं. उपग्रहाकडून आलेला इशारा हे यंत्र ब्लूटूथने फोनकडे पोचवतं. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. ही सगळी कामं मोलाची आहेत, पण त्यांचा रोख खोल समुद्रातल्या यांत्रिक बोटींवर आहे. खाडीतल्या वल्ह्याच्या होडीला वेगळं यंत्र कुणी देणार नाही, तिच्याकडे असेल तोच फोन चालवायचा आहे.

मोफत ॲप सर्वांपर्यंत नेण्याचे मार्ग तीन. अँड्रॉइडच्या दुकानात नाव नोंदवायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात. ॲपलला दरवर्षी नव्याण्णव. गूगलने २०२३च्या अखेरीपासून नव्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट घातली: प्रकाशनाआधी काही जणांनी सलग चौदा दिवस ॲप वापरून पाहायचं. ही संख्या आता बारा आहे. रायगडसाठी ही अट वरदान आहे. ते बारा जण पुण्या-मुंबईतले मित्र नसावेत, थळ, रेवदंडा, राजपुरी, दिघी इथले तांडेल आणि फेरीबोटीवरचे खलाशी असावेत.

तिसरा मार्ग वेबचा, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. तसं बनवलेलं वेबपान एकदा उघडलं की स्वतःला फोनमध्ये साठवून ठेवतं आणि नेटवर्क नसतानाही चालतं. त्याला दुकान लागत नाही, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोनदा काम करावं लागत नाही, धक्क्यावरच्या फलकावर क्यूआर कोड लावला की पुरे. एक काळजी घ्यावी लागते. आयफोनचा सफारी ब्राउझर सात दिवस न वापरलेल्या पानाचा साठा पुसून टाकतो, पान होम स्क्रीनवर ठेवलं तर तो टिकतो. ही एक ओळ पहिल्याच पडद्यावर मराठीत हवी, नाहीतर आठवड्याने ऐन खाडीत कोरा पडदा समोर येईल. वेबवर पाया भक्कम झाला की तेच अँड्रॉइडच्या दुकानात न्यावं. तिथेही काम संपत नाही. गूगल दरवर्षी नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला लावतं, जे ॲप मागे पडतं ते नव्या फोनना दिसेनासं होतं.

बारीक गोष्टींवरच असं ॲप तरतं. जुन्या फोनवर देवनागरीची जोडाक्षरं तुटतात, म्हणून फॉन्ट ॲपसोबतच द्यावा. दुपारच्या उन्हात आणि ओल्या बोटांनी वापरायचं आहे, तेव्हा अक्षरं मोठी, रंग ठळक, बटणं रुंद. नकाशा चार खाड्यांचे चार तुकडे करून द्यावा, म्हणजे श्रीवर्धनच्या माणसाला अंबेचा भार नको. ‘पूर्ण भरती ११.४०’ हे मराठीत बोलून सांगण्याची सोय ठेवली तर वल्हं सोडावं लागत नाही.

आणि मदतीचे क्रमांक कुठल्याही पडद्यावरून एका स्पर्शात लागले पाहिजेत: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. याच पाण्यात १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावर खबर उशिरा पोचली. आज खबर पोचवण्याचं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून हवामानाचा इशारा आणि पावसाळ्यातली बंदी ॲपने कुठल्याही सहलीच्या फोटोआधी दाखवावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात खाडीच्या पानावर वाटा दाखवूच नयेत.

तोच काळ ॲपच्या दुरुस्तीचा. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. त्यानंतरच्या पहिल्या उधाणाच्या ओहोटीला, खाडी सगळ्यात जास्त उघडी पडलेली असताना, स्थानिक तांडेलाला सोबत घेऊन चारही खाड्यांतल्या दांड्या आणि खुंट नव्याने टिपावे लागतील, आणि जिथे या वर्षी कुणी फिरलं नाही त्या भागावर जुनी तारीख ठसठशीत लिहावी लागेल. एका फेरीचं डिझेल आणि तांडेलाची मजुरी, एवढा खर्च दरवर्षी कुणीतरी उचलायला हवा. जलमार्ग जाहीर झाले आहेत, महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, किनाऱ्यावर ग्रामपंचायती आणि मच्छीमार सोसायट्या आहेत. ॲप लिहिणारी मुलं पनवेल-अलिबागच्या महाविद्यालयांत मिळतील, त्या वार्षिक फेरीचा खर्च आधी ठरवा.