अल्प-फॉडमॅप आहार

अल्प-फॉडमॅप आहार ही आतड्याच्या क्षोभविकाराने (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपाने आयबीएस) त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी योजलेली तात्पुरती वर्जन-आहारपद्धती आहे. पचनास अवघड असलेली काही कर्बोदके तीत प्रथम आहारातून कमी केली जातात. नंतर ती एकेक करून पुन्हा घेतली जातात आणि कोणत्या पदार्थामुळे त्रास होतो हे शोधले जाते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पद्धती विकसित केली. ती कायमचे पथ्य नाही, शोधाची रीत आहे. व्यवहारात नेमके याच ठिकाणी सर्वाधिक गैरसमज आढळतात.

नाव आणि पूर्वेतिहास

‘फर्मेंटेबल ऑलिगोसॅकराइड्स, डायसॅकराइड्स, मोनोसॅकराइड्स अँड पॉलिऑल्स’ या शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून ‘फॉडमॅप’ हे नाव सिद्ध झाले. पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ही संज्ञा वापरली. अन्न वगळून दोष शोधण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञ अल्बर्ट रो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अशा आहारांची मांडणी केली होती. आयुर्वेदातील पथ्यापथ्यविचारामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटत नाही. तथापि दोहोंची उपपत्ती वेगळी आहे, त्यामुळे एकाची यादी दुसऱ्यास लावता येत नाही.

कार्यपद्धती

फॉडमॅप गटातील शर्करा लहान रेणूंच्या असून लहान आतड्यात त्यांचे शोषण अपुरे होते किंवा मुळीच होत नाही. कांदा, लसूण व गहू यांतील फ्रुक्टन तोडणारे विकर मानवी शरीरात नसते. कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडांचीही तीच स्थिती आहे. दुधातील लॅक्टोज पचविणारे लॅक्टेज हे विकर बालपणी पुरेसे असते, परंतु अनेकांत वयानुसार ते घटते. न शोषलेल्या शर्करा आतड्यात पाणी ओढून घेतात. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू त्यांचे किण्वन करतात व हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन हे वायू निर्माण होतात.

ही क्रिया सर्वांच्याच पोटात घडते. राजमा खाल्ल्यावर वायू धरणे हा आजार नव्हे. आयबीएसच्या रुग्णांत आतड्याची संवेदनशीलता वाढलेली असते. त्यामुळे इतरांना जाणवणारही नाही एवढा ताण त्यांना कळ, फुगारा, जुलाब किंवा मलावरोध या रूपाने जाणवतो. तपासणीत आतड्याला इजा दिसत नाही. परिणामी ‘सारे मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णास घरातून ऐकावे लागते. वेदना मात्र खरी असते.

तीन टप्पे

पहिला टप्पा वर्जनाचा असून तो साधारणतः दोन ते सहा आठवडे चालतो. या काळात फॉडमॅपचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ टाळले जातात. सहा आठवड्यांत फरक न पडल्यास हा आहार त्या रुग्णासाठी नाही असे समजून तो थांबविणे योग्य ठरते.

दुसरा टप्पा पुनःप्रवेशाचा असून तोच या पद्धतीचा गाभा होय. मूळ मर्यादित आहार चालू ठेवून एका वेळी एकाच गटाची परीक्षा घेतली जाते. उदाहरणार्थ, लॅक्टोजसाठी दूध घेतले जाते. पहिल्या दिवशी थोडे, पुढील दोन दिवसांत वाढते प्रमाण, आणि लक्षणांची नोंद वहीत, असा क्रम असतो. मध्ये काही दिवस विश्रांती देऊन पुढचा गट घेतला जातो. फ्रुक्टनच्या बाबतीत गहू, कांदा व लसूण यांची परीक्षा स्वतंत्रपणे घेतात, कारण पोळी सोसणाऱ्याला लसूण सोसेलच असे नाही. तिसऱ्या टप्प्यात, सोसणारे सर्व पदार्थ परत घेऊन प्रत्येकाचा स्वतंत्र आहार ठरतो.

अनेक रुग्ण पहिल्या टप्प्यातच अडकून राहतात. आराम पडला की पुन्हा दुखण्याच्या भीतीने ते काहीच परत घेत नाहीत. ताटातील पदार्थ कमी होत जातात आणि त्याबरोबर बाहेर जेवणे, पाहुणचार, प्रवासही आक्रसतात.

मराठी स्वयंपाकातील स्थान

सर्वांत मोठी अडचण कांदा-लसणाची. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, वाटण, मिसळ, पिठले यांतून ते वेगळे काढणे शक्य नाही, कारण फ्रुक्टन पाण्यात विरघळून रश्श्यात उतरते. फोडी बाजूला सारून रस्सा जेवणे म्हणूनच निरुपयोगी ठरते. फ्रुक्टन तेलात मात्र विरघळत नाही. सोललेल्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्यास तेलाला लसणाचा स्वाद राहतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा चालत नाही. हिंगाने चव भरून निघते, परंतु बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. वेष्टनावरील घटक वाचणे त्यामुळे आवश्यक.

या बाबतीत चातुर्मासाची परंपरा उपयोगी पडते. कांदेनवमीनंतर कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत त्यांच्याविना चालणारा संपूर्ण स्वयंपाक सिद्ध आहे. गोडा मसालाही सामान्यतः त्याविनाच होतो. गमतीचा भाग असा की चातुर्मासात वर्ज्य मानलेले वांगे या आहारात माफक प्रमाणात चालते, तर नैवेद्याची पुरणपोळी डाळ व गहू या दोन्ही कारणांनी बाजूला राहते. उपाहारगृहातील ‘जैन’ पदार्थात कांदा-लसूण नसले, तरी गहू, डाळी किंवा फ्लॉवर असू शकतात.

भात, पोहे, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, काकडी, पालक, अंडी, मासे, शेंगदाणे व साजूक तूप यांचा आधार मोठा आहे. साबुदाण्याची खिचडी फॉडमॅपच्या दृष्टीने निर्धोक असते, मिरची मात्र काहींना वेगळ्या कारणाने बाधते. रताळ्याचे प्रमाण वाढल्यास त्यातील मॅनिटॉल त्रास देऊ शकते. केळे किंचित कच्चट असेल तर सोसते, पूर्ण पिकल्यावर त्यातील फ्रुक्टन वाढते. सफरचंद, कलिंगड, मध, तसेच सॉर्बिटॉल घातलेल्या ‘शुगर-फ्री’ गोळ्या टाळल्या जातात. डाळी शाकाहारी घरात पूर्णतः सोडणे कठीण आणि प्रथिनांच्या दृष्टीने अनिष्ट. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिल्यास शर्करा काही अंशी घटतात आणि लहान वाटीभर वरण बऱ्याच जणांना चालते. येथे प्रश्न प्रमाणाचा आहे, निषेधाचा नाही.

एकत्र कुटुंबात वेगळा स्वयंपाक करण्याचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो, आणि रुग्ण तीच असेल तर तिचे पथ्य सर्वांत आधी मोडते. भाजी फोडणीपर्यंत सर्वांसाठी एकत्र करून रुग्णाचा वाटा काढून घेणे व मग उरलेल्या भाजीत परतलेला कांदा-लसूण घालणे, ही सोपी तोड आहे. पंक्तीत आग्रह होतो तेथे ‘आवडत नाही’ याऐवजी ‘वैद्यकीय पथ्य आहे’ असे आधीच सांगितलेले मानवते.

पुरावा

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोनॅश येथील चाचणीत आयबीएसच्या ३० रुग्णांना प्रत्येकी २१ दिवस अल्प-फॉडमॅप व नेहमीचा ऑस्ट्रेलियन असे दोन्ही आहार आळीपाळीने दिले गेले. पहिल्यात लक्षणे स्पष्टपणे कमी आढळली. २०१५ मधील स्वीडनच्या ७५ रुग्णांच्या अभ्यासात मात्र, वेळेवर व थोडे-थोडे जेवणे, चहा-कॉफी, तळलेले व मसालेदार कमी करणे अशा पारंपरिक सल्ल्यानेही जवळपास तेवढ्याच, म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांना लाभ झाला. म्हणून साध्या उपायांनी आरंभ करणे हितावह मानले जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०२१ च्या मार्गदर्शिकेत या आहाराचा मर्यादित काळ प्रयोग करण्याची शिफारस केली आहे.

धोके व पूर्वतपासणी

गहू सोडण्यापूर्वी सीलिॲक रोगाची चाचणी होणे अत्यावश्यक आहे. गहू बंद केल्यावर केलेली चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते व खरा रोग दडून राहतो. शौचातून रक्त, अकारण वजन घटणे, ताप, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली लक्षणे असल्यास आहारप्रयोगाआधी वैद्याकडे जावे लागते.

दीर्घकाळच्या वर्जनाने चोथा व कॅल्शियम कमी पडू शकते. आतड्यातील उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया घटल्याचेही अभ्यासांत दिसले आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, कृश वृद्ध आणि पूर्वी आहारविकार झालेल्या व्यक्ती यांनी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये असे सांगितले जाते. मोनॅश विद्यापीठाने पदार्थनिहाय मोजणी देणारे मोबाइल ॲप २०१२ पासून उपलब्ध केले आहे. घरगुती मराठी पदार्थांचा अंदाज त्यातील मूळ घटकांवरून बांधता येतो.